क्लासिक ३५०: २०१७ ची कार्ब्युरेटरची घ्यावी की २०२० ची इंजेक्शनची?

टिळकनगरकर

नमस्कार. वापरलेली रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० घेण्याचा विचार दोन महिने चालू आहे आणि आता गोष्ट दोन गाड्यांवर येऊन अडली आहे. दोन्ही इंदूरच्याच असून दोन्हींची कागदपत्रे मी पाहिली आहेत. पहिली २०१७ च्या सुरुवातीची, कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल यांत्रिकपणे, छिद्रांच्या मापाने मिसळणारी), पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली, सत्तावीस हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०२० ची बीएस-६, म्हणजे इंजिन तेच जुने ३४६ सीसीचे, पण फ्युएल इंजेक्शन (म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी विजेवरची यंत्रणा) असलेले, आणि ती चौदा हजार किलोमीटर चालली आहे. दुसरीसाठी पस्तीस हजार रुपये जास्त मोजावे लागतात. २०२१ मध्ये आलेली नवी ३४९ सीसीची क्लासिक मी मुद्दामच यादीत घेतलेली नाही, कारण तिला किक नाही, आणि वडिलांच्या जुन्या बुलेटच्या टाकीवर बसून लहानाचा मोठा झालेल्या माणसाला किक नसलेली गाडी घरात आणवत नाही. हा हट्ट आहे, हे मला मान्य आहे.

वापर असा राहील. सोमवार ते शुक्रवार मी कंपनीच्या बसने पीथमपूरला जातो, त्यामुळे गाडी निघणार ती शनिवारी-रविवारी: महेश्वर, मांडू, कधी ओंकारेश्वर. वर्षातून दोन-तीन वेळा कामासाठी मला तीन-तीन आठवडे बाहेरगावी राहावे लागते आणि तेवढे दिवस गाडी इमारतीखाली उभी राहील. लडाखला जाण्याचे घरात अधूनमधून बोलले जाते, पण ते बोलण्यापुरतेच राहण्याची शक्यता अधिक.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी बाबांची गाडी वीस वर्षे सांभाळली. त्यांचे म्हणणे असे की कार्ब्युरेटर ते डोळे मिटून उघडतील, पण इंजेक्शनला हात लावणार नाहीत. आणि मी इंजेक्शनची गाडी घेतलीच, तर ते सगळे काढून टाकून तिला कार्ब्युरेटर बसवून देतील. एकाच इंजिनाच्या या दोन रूपांत रोजच्या व्यवहारात नेमका किती फरक पडतो, हे दोन्ही चालवलेल्यांनी सांगावे.

बुलेटवाले काका

माझ्याकडे २०१४ पासून कार्ब्युरेटरची क्लासिक ३५० आहे आणि त्याआधी सतरा वर्षे कास्ट आयर्नची बुलेट होती, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे. तरीही तुमच्या वापराचे वर्णन वाचून मला थोडी काळजी वाटली, ती उभ्या राहणाऱ्या गाडीची.

कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. गाडी बंद असली तरी तिच्यात पेट्रोल साठून राहते. तीन आठवड्यांत त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो, ज्याला जुन्या वार्निशसारखा वास येतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी; मुख्य जेटचे छिद्र त्यामानाने मोठे असल्याने ते सहसा वाचते. पण इंजिन संथ गतीवर असताना ज्यातून पेट्रोल येते, त्या पायलट जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते आणि पहिला बळी त्याचाच जातो. मग गाडी चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढायची कळ) चालू होते आणि चोक आत ढकलला की बंद पडते. चौकाचौकात एक्सलरेटर धरून उभे राहावे लागते. हे ओळखीचे लक्षण दिसले की समजावे, जेट बुजला.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी एक महिना मुलाकडे होतो. परत आल्यावर उत्साहाच्या भरात गाडी न तपासता थेट जाम गेटला गेलो आणि उतरताना नेमका हाच प्रकार झाला. चूक सर्वस्वी माझी होती. रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली वाटीचे चार स्क्रू सोडले, पायलट जेट काढून उजेडासमोर धरला, तर पलीकडचे काहीच दिसेना. क्लचच्या जुन्या केबलची एक बारीक तार मी नेहमी सीटखाली ठेवतो. ती हलक्या हाताने आतून फिरवली, तोंडाने फुंकर मारली, आणि छिद्रातून आभाळाचा एक ठिपका दिसल्यावर सगळे परत बसवले. पाऊण तास गेला, हात पेट्रोलने पांढरे पडले, पण टेम्पो बोलवावा लागला नाही. (जाणकार सांगतात की जेटमध्ये तार घालू नये, कारण छिद्र मोठे होते. खरे आहे. घरी असाल तर क्लीनरने धुवावे. रस्त्यात मात्र तार चालते.)

हा त्रास टाळता येतो. गाडी काही दिवस उभी ठेवायची असेल तेव्हा घरापासून अर्धा किलोमीटर अलीकडे पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि वाटीतले पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडू द्यावी. ही सवय मला वडिलांनी लावली आणि ती जेव्हा मोडली तेव्हाच मला भोगावे लागले. डिसेंबरात, जेव्हा आपल्याकडे पहाटे आठ-नऊ अंशांवर पारा उतरतो, तेव्हा चोक ओढून अर्धा-एक मिनिट थांबण्याची तयारी ठेवावी. माझ्यासारख्याला ते मिनिट आवडते. ऑफिसला उशीर झालेल्या माणसाला ते आवडणार नाही. पण तुम्ही तर बसने जाता.

मिस्त्री घराजवळ आहेत, ही मला सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. माझे मत २०१७ च्या गाडीला.

पलासियाकर

काकांनी कार्ब्युरेटरची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडली आहे की इंजेक्शनची निम्मी वकिली त्यांनीच करून टाकली. माझ्याकडे २०१२ पासून क्लासिक ५०० आहे. पुष्कळांच्या लक्षात नसते, पण इंजेक्शन ही या घराण्यात बीएस-६ मुळे आलेली नवलाई नाही. २००९ मध्ये क्लासिक ५०० आली तीच इंजेक्शन घेऊन, आणि तिची धाकटी बहीण ३५० मात्र २०२० पर्यंत कार्ब्युरेटरवर चालत राहिली. अकरा वर्षे दोन्ही एकाच दुकानात शेजारीशेजारी उभ्या होत्या. परदेशात ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीने आपल्या बॉनव्हिल गाडीला २००८ च्या सुमारास इंजेक्शन दिले, तेव्हा जुन्या चाहत्यांचे मन राखण्यासाठी त्याचे थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) कार्ब्युरेटरच्याच आकाराचे घडवले होते. तेव्हा कार्ब्युरेटरबद्दलची ही माया फक्त आपल्या गल्लीतली नाही.

आता मुद्द्याचे. कार्ब्युरेटर किती पेट्रोल सोडणार हे त्याच्या छिद्रांच्या मापाने ठरते, आणि ते माप कारखान्यात एका विशिष्ट पेट्रोलसाठी ठरवलेले असते. इंजेक्शनमध्ये इंजिनाचे तापमान, थ्रॉटल किती उघडा आहे आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, हे सेन्सर सांगतात आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, प्रत्येक फेरीला इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो. जोवर पंपावरचे पेट्रोल तेच होते, तोवर हा फरक वादापुरता होता. आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण देशभर मिळू लागल्यावर तो प्रत्यक्षात जाणवतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे त्याच हवेसाठी आता पेट्रोल थोडे जास्त सोडायला हवे. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे आपल्या मर्यादेत स्वतः सावरून घेते. कार्ब्युरेटरला ते कळण्याचा काही मार्गच नाही. तो जुन्याच मापाने देत राहतो आणि मिश्रण पातळ होते. एक्सलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट ऐकू येऊ लागली आणि प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक तांबूस असण्याऐवजी पांढुरके दिसले, तर कारण बहुधा हेच. जेट एक माप मोठा घालून ते दुरुस्त करता येते, आणि आपले मिस्त्री ते निश्चितच करू शकतील. पण रबराच्या नळ्या, फ्लोटची सील आणि डायफ्राम यांकडे दोन्ही गाड्यांत लक्ष ठेवावे लागेल, कारण २० टक्के मिश्रणाला टिकतील असे भाग वापरण्याची अट २०२३ पासूनची आहे आणि तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत.

चढाचे म्हणाल, तर मांडूच्या चढावर कार्ब्युरेटर गुदमरतो, ही चहाच्या टपरीवरची कथा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि मांडू त्याहून थोडेसेच उंच. महेश्वरला नर्मदेपर्यंत उतरलात तरी चारशे मीटरचाच फरक पडतो. तेवढ्याने काही बिघडत नाही. लडाखमध्ये पाच हजार मीटरवर हवा जवळजवळ निम्म्यावर येते, तिथे कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडते, हे खरे आहे. शक्ती मात्र तिथे दोघींचीही कमी होते, कारण ऑक्सिजनच कमी असतो. इंजेक्शन फक्त मिश्रण बिघडू देत नाही.

आणि मिस्त्रींच्या त्या प्रस्तावाला कृपया नम्रपणे नकार द्यावा. या गाडीत ईसीयू फक्त पेट्रोल नव्हे, ठिणगीची वेळही ठरवतो. तो काढला की इग्निशनही वेगळे बसवावे लागते, आणि एवढे करून हाती येते काय, तर पीयूसीला अडकणारी बीएस-६ गाडी. पस्तीस हजार जास्त देऊन शेवटी २०१७ चीच गाडी घरी आणायची, हा हिशेब मला समजत नाही.

माझ्या गाडीने बारा वर्षांत मला एकदाच रस्त्यात सोडले, तेही सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. महेश्वरला घाटावर जाऊन आलो, किल्ली फिरवली, सेल्फ फिरला, पण गाडी चालू होईना. किल्ली ऑन केल्यावर टाकीच्या पोटातून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तो पंप पेट्रोलला दाब देत असतो. त्या दिवशी ती घरघर नव्हती. आदल्या दिवशी गाडी जोरदार फवाऱ्याने धुऊन घेतली होती आणि पंपाला वीज देणाऱ्या रिलेच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले होते. कनेक्टर काढून, रुमालाने पुसून, उन्हात धरून परत लावला आणि घरघर आली. पण हे मला ठाऊक होते म्हणून. ठाऊक नसते, तर काकांची तार तिथे काही कामाची नव्हती. ज्या दिवशी पंपच जळतो त्या दिवशी टेम्पो बोलवावाच लागतो. म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात: टाकी कधी अगदी कोरडी होऊ देऊ नये, कारण पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो; आणि गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीचे टोक सोडून ठेवावे किंवा चार्जर लावावा. वाटीच नसल्याने पेट्रोल साचून जेट बुजण्याचा प्रश्न येत नाही.

बॅटरी उतरल्यावर कार्ब्युरेटरची गाडी किकने चालू होते, असेही ऐकाल. बॅटरी कमजोर असेल तर होते. पूर्ण मेली असेल तर त्या ३५० लाही ठिणगीसाठी वीज बॅटरीकडूनच लागते, त्यामुळे किक मारून पाय दुखेल, एवढेच.

महूवाली

दोघांचेही म्हणणे पटले, पण एक गोष्ट तुम्ही दोघेही बोललाच नाहीत. २०१७ च्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही आणि मागे ड्रम आहे. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे २०२० च्या गाडीला ते असणारच. मी रोज महूहून इंदूरला येते. पहिल्या पावसात राऊच्या अलीकडे, रस्त्यावर तेल आणि पाणी एकत्र झालेले असताना, समोर गाय आली म्हणून एकशे नव्वद किलोची गाडी थांबवायची वेळ आल्यावर जेटचे माप आठवत नाही. पस्तीस हजारांतले निम्मे पैसे मी ब्रेकच्या खात्यावर लिहिले असते.

मायलेजचा मोह मात्र धरू नका. माझ्या भावाची कार्ब्युरेटरची ३५० आणि माझी बीएस-६, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, लिटरमागे दोन किलोमीटरच्या आत असतात, आणि शक्तीही १९.८ बीएचपीवरून १९.१ झाली, एवढाच कागदावरचा फरक. इंजिनाचा ओळखीचा ठोका दोन्हींत तोच आहे. फक्त इंजेक्शनची गाडी संथ गतीवर जरा जास्त शिस्तीत ठोके देते, आणि काहींना तेच खटकते.

टिळकनगरकर

आपल्या सर्वांच्या उत्तरांबद्दल मनापासून आभार. महूवाली ताईंचा मुद्दा घरी वाचून दाखवण्याची चूक मी केली, त्यामुळे २०१७ ची गाडी आता माझ्या हातात राहिलेली नाही. सौभाग्यवतींनी तो विषय पोह्यांच्या बशीबरोबरच उचलून नेला.

काल २०२० ची गाडी पुन्हा नीट पाहून आलो. पलासियाकरांनी सांगितल्याप्रमाणे टाकीला कान लावून घरघर ऐकली; ती स्पष्ट होती. पण खाली बसून पाहिले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी पहिल्या भेटीत सुटली होती. सायलेन्सर मूळचा नाही. इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइपही बदललेला आहे आणि त्यावर जिथे ऑक्सिजन सेन्सर असायला हवा तिथे एक बोल्ट घट्ट बसवला आहे. सेन्सरची वायर सीटखाली गुंडाळून काळी टेप मारून ठेवली आहे. मीटरवर पिवळा दिवा किल्ली ऑन केल्यावर लागतो आणि गाडी चालू झाल्यावरही विझत नाही. विक्रेत्याचे म्हणणे की सगळेच असे करून घेतात, आवाज चांगला येतो आणि दिव्याकडे लक्ष देऊ नये. मूळचे सुटे भाग त्याच्याकडे नाहीत. तो आणखी पाच हजार कमी करायला तयार आहे.

पलासियाकर

मग ती गाडी घेऊ नका. मी ज्या गुणासाठी इंजेक्शनची बाजू घेतली, तो गुण त्या माणसाने बोल्ट बसवून बंद केला आहे. सेन्सर नसला की ईसीयू ठरलेल्या कोष्टकावरून अंदाजाने पेट्रोल सोडतो, म्हणजे तुम्हाला कार्ब्युरेटरचे सगळे दोष मिळतात आणि काकांच्या तारेचा आधारही राहत नाही. शिवाय मूळ पाइपात धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तोही गेला. नवा पाइप आणि सेन्सर यांचा खर्च पाच हजारांत भागणार नाही. शिवाय ज्याने ही वायर टेपने गुंडाळली, त्याने आणखी कुठली वायर कापून जोडली आहे हे सीट उघडून पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

बुलेटवाले काका

या वेळी मी पलासियाकरांशी सहमत आहे, आणि असे क्वचितच होते. बुजलेला जेट साफ करता येतो. दुसऱ्याने कापलेली वायर शोधण्यात माणसाचा रविवार जातो. घाई करू नका. दसऱ्यानंतर बरेच जण जुनी गाडी काढतात. दुसरी पाहायला जाल तेव्हा आपल्या मिस्त्रींनाही सोबत न्या. ते इंजेक्शनला हात लावणार नसले, तरी इंजिनाचा आवाज, चेन, फोर्कची सील आणि स्टिअरिंगचे बेअरिंग पाहायला त्यांच्याइतका डोळा इंदूरात दुसऱ्या कोणाचा नसेल, आणि ती तपासणी दोन्ही गाड्यांना सारखीच लागते.

टिळकनगरकर

त्या गाडीला नकार कळवला. भंवरकुआंजवळ एक २०२० ची, अकरा हजार किलोमीटर चाललेली, मूळ सायलेन्सरची गाडी असल्याचे आजच कळले. रविवारी सकाळी पाहायला जाणार आहे. मिस्त्री येतो म्हणाले आहेत, पण गाडी चालू करण्याआधी ते पाठ करून उभे राहतील आणि टाकीला कान मीच लावायचा, ही त्यांची अट आहे.